बदललेले कामगार कायदे, परकीय भांडवल आणि आपल्या मुलांची नोकरी



दि. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार कामगार संहिता देशभर लागू केल्या. पूर्वीचे २९ केंद्रीय कामगार कायदे या चार संहितांत सामावून घेण्यात आले. त्यानंतर महिन्याभरातच, डिसेंबर २०२५ मध्ये, विमा व्यवसायात शंभर टक्के परकीय भांडवलास परवानगी देणारा कायदा संसदेने संमत केला. दोन्ही बातम्या वर्तमानपत्रांत आल्या आणि गेल्या. आपल्या वस्त्यांतून त्यांची म्हणावी तशी चर्चा झाली नाही. वास्तविक आपल्या घरातील कमावत्या माणसाचा पगार, त्याच्या नोकरीची शाश्वती आणि उद्या नोकरीच्या शोधात बाहेर पडणाऱ्या मुलामुलींचे भवितव्य या कायद्यांशी थेट निगडित आहे.

कायद्याची भाषा क्लिष्ट असते. म्हणून बँकेत काम करताना रोज पगाराचे आणि कर्जाचे कागद हाताळणाऱ्या आम्हांस जे समजले, ते सोप्या भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, जुन्या कायद्याचा भर नोकरी टिकवण्यावर होता. नव्या कायद्याने तो भर कमी केला आहे आणि त्याऐवजी काही लेखी हक्क दिले आहेत. हे हक्क ज्याच्या हातात कागद आहे आणि पाठीशी संघटना आहे, त्याच्याच पदरात पडतील.

पार्श्वभूमी

कामगार कायदा हा विषय आपल्याला परका नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. मुंबई प्रांताच्या औद्योगिक विवाद विधेयकात संपावर निर्बंध घालण्यात आले, तेव्हा त्यांनी विधिमंडळात त्याला कडाडून विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत त्याविरुद्ध एक दिवसाचा संप घडवून आणण्यात पुढाकार घेतला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. याच काळातील कामातून १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. किमान वेतनाचे विधेयकही १९४६ सालीच मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले गेले आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला.

स्वातंत्र्यानंतर कायद्यांची संख्या वाढत गेली. औद्योगिक विवाद कायदा १९४७, कारखाना कायदा १९४८, राज्य विमा कायदा १९४८, भविष्य निर्वाह निधी कायदा १९५२, बोनस कायदा १९६५, कंत्राटी कामगार कायदा १९७०, ग्रॅच्युइटी कायदा १९७२ हे त्यांपैकी प्रमुख होत. प्रत्येक कायद्यात कामगाराची व्याख्या वेगळी, पगाराची व्याख्या वेगळी. कामगाराला ते कळत नसत आणि मालकाला ते जाच वाटत. १९९९ साली नेमलेल्या दुसऱ्या राष्ट्रीय श्रम आयोगाने २००२ साली दिलेल्या अहवालात या कायद्यांचे एकत्रीकरण करावे अशी शिफारस केली. त्यानुसार वेतन संहिता २०१९ साली संमत झाली. औद्योगिक संबंध संहिता, सामाजिक सुरक्षा संहिता आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता या उरलेल्या तिन्ही सप्टेंबर २०२० मध्ये संमत झाल्या. अंमलबजावणीला मात्र पाच वर्षे लागली. दरम्यान ९ जुलै २०२५ रोजी दहा केंद्रीय कामगार संघटनांनी या संहितांच्या विरोधात देशव्यापी संप केला होता.

नव्या कायद्याने काय मिळाले

कोणत्याही कायद्याकडे केवळ विरोधाच्या किंवा केवळ स्तुतीच्या दृष्टीने पाहणे योग्य नव्हे. या संहितांत कामगाराच्या उपयोगाच्या तरतुदी निश्चितच आहेत. त्यांतील प्रमुख अशा :

१) नेमणूकपत्र. प्रत्येक कर्मचाऱ्याला लेखी नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक झाले आहे.

२) किमान वेतन सर्वांना. पूर्वी किमान वेतन फक्त अनुसूचीत नाव असलेल्या उद्योगांना लागू होते. आता ते सर्व कर्मचाऱ्यांना लागू आहे. केंद्र सरकार तळवेतन ठरवील आणि कोणत्याही राज्याला त्याखाली किमान वेतन ठरवता येणार नाही.

३) पगाराची तारीख. मासिक पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळाला पाहिजे. कामगाराने नोकरी सोडली किंवा त्याला काढले, तर दोन कामाच्या दिवसांत त्याचा पगार चुकता केला पाहिजे. जादा कामाला दुप्पट दर आहे.

४) मुदतीच्या नोकरीला ग्रॅच्युइटी. ठरावीक मुदतीसाठी नेमलेल्या कामगाराला त्याच कामावरील कायम कामगाराइतकेच वेतन व सवलती द्याव्या लागतील. कायम कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षे सेवा लागते. मुदतीच्या कामगाराला ती एका वर्षानंतर मिळेल.

५) भरपगारी रजा. पूर्वी त्यासाठी वर्षात २४० दिवस काम करावे लागे, आता १८० दिवस पुरेसे आहेत.

६) स्त्री कामगार. भरतीत आणि वेतनात स्त्री-पुरुष भेद करण्यास मनाई आहे. स्त्रियांना त्यांच्या संमतीने व सुरक्षिततेच्या व्यवस्थेसह रात्रपाळीत काम करता येईल.

७) ॲपवर काम करणारे कामगार. घरोघर माल पोहोचवणारी व प्रवासी गाडी चालवणारी मुले प्रथमच कायद्याच्या व्याख्येत आली. त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी संबंधित कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यावयाची आहे. मात्र या कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांहून ती अधिक असणार नाही.

पगाराच्या व्याख्येचे उदाहरण

पगाराची नवी व्याख्या सर्वांनी नीट समजून घ्यावी अशी आहे. आतापर्यंत अनेक मालक मूळ पगार कमी दाखवत आणि भत्ते फुगवत. कारण ग्रॅच्युइटी मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर मोजली जाते. आता घरभाडे, प्रवास वगैरे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील, तर वरची रक्कम पगारातच धरली जाईल.

समजा, एका मुलीला महिन्याला ४०,००० रुपये मिळतात. त्यांत मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १४,००० आणि बाकीचे भत्ते २६,००० आहेत. निम्मे म्हणजे २०,०००. भत्ते त्याहून ६,००० ने अधिक आहेत. हे ६,००० पगारात मिळवले की तिचा कायदेशीर पगार २०,००० होतो. ग्रॅच्युइटी दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, म्हणजे पगाराला १५ ने गुणून २६ ने भागलेली रक्कम. जुन्या हिशेबाने तिला वर्षामागे सुमारे ८,०७७ रुपये मिळाले असते, नव्या हिशेबाने सुमारे ११,५३८ रुपये मिळतील. हा फरक मागायचा असेल तर भत्ते वेगवेगळे दाखवणारे पगारपत्रक हातात असावे लागते.

काय सैल झाले

आता दुसरी बाजू पाहू. औद्योगिक विवाद कायद्यात १९७६ साली एक महत्त्वाचे प्रकरण घालण्यात आले. मोठ्या कारखान्यात, खाणीत किंवा मळ्यात कामगार कपात, ले-ऑफ अथवा टाळेबंदी नव्हे तर कायमचे उद्योगबंद करायचे असल्यास सरकारची पूर्वपरवानगी त्यामुळे आवश्यक झाली. सुरुवातीला ही अट ३०० कामगारांच्या आस्थापनांना होती. १९८२ च्या दुरुस्तीने ती १०० वर आणली गेली. नव्या औद्योगिक संबंध संहितेने ती पुन्हा ३०० वर नेली आहे आणि सरकारला अधिसूचनेद्वारे ती आणखी वाढवता येईल. याचा अर्थ असा की, अडीचशे कामगारांचा कारखाना आता परवानगीशिवाय बंद करता येईल. नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई द्यावी लागेलच. शिवाय कपात झालेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकता यावे म्हणून पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम मालकाने निधीत भरावयाची आहे व ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हावयाची आहे. परंतु कामगाराच्या वतीने सरकारपुढे आधी सुनावणी होण्याची जी पायरी होती, ती अशा कारखान्यांत राहिली नाही.

कामाच्या अटी लेखी ठरवणारे स्थायी आदेश केंद्रीय कायद्यानुसार १०० कामगारांना लागू होत, तेही आता ३०० वर गेले. कारखान्याची व्याख्या विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० ऐवजी २० कामगार आणि विजेशिवाय चालणाऱ्या ठिकाणी २० ऐवजी ४० कामगार अशी झाली. त्यामुळे अनेक लहान कारखाने कारखान्याच्या व्याख्येबाहेर पडतात.

मुदतीच्या नेमणुकीला समान वेतन व ग्रॅच्युइटी मिळाली हे वर सांगितलेच. तथापि मुदत संपल्यामुळे नोकरी गेली तर ती कामगार कपात समजली जात नाही, म्हणून कपातीची भरपाई मिळत नाही. कायम स्वरूपाच्या कामासाठी वर्षा-वर्षाची नेमणूक करण्याची वाट त्यामुळे मालकाला मोकळी होते. आपल्या मुलांनी नेमणूकपत्र हातात पडताच प्रथम हे वाक्य शोधावे की नेमणूक कायम आहे की मुदतीची.

संपाच्या बाबतीत पूर्वी आगाऊ नोटीस फक्त सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांना लागे. आता सर्वच औद्योगिक आस्थापनांत १४ दिवसांची नोटीस लागते आणि निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तरी तो संप मानला जातो. वाटाघाटीसाठी एकमेव संघटना म्हणून मान्यता हवी असेल तर ५१ टक्के कामगार सभासद असावे लागतात. १९३८ साली बाबासाहेबांनी ज्या प्रश्नावर रस्त्यावर उतरून लढा दिला, तोच प्रश्न नव्या रूपाने कामगारांपुढे उभा आहे.

कामाच्या तासांचेही तसेच. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यातील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. त्यात आठवड्याची ४८ तासांची मर्यादा धरलेली आहे. हे ४८ तास कसे मिळाले याची आठवण ज्यांना आहे, त्यांनी तरी हजेरीचा हिशेब स्वतःच्या वहीत ठेवावा.

सफाई कामगार आणि ‘गाभ्याचे काम’

आपल्या समाजाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तरतूद कार्यस्थिती संहितेत आहे आणि तिच्यावर सर्वांत कमी बोलले गेले आहे. आस्थापनेच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार लावण्यास ही संहिता काही अपवाद सोडून मनाई करते. पण गाभ्याचे काम म्हणजे काय? झाडलोट, साफसफाई, कचरा गोळा करणे व त्याची विल्हेवाट, पहारा, उपाहारगृह, माल चढविणे-उतरविणे, बागकाम, कपडे धुणे ही कामे गाभ्याची नाहीत असे कायदाच सांगतो. आस्थापना खास त्याच कामासाठी स्थापन झालेली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे बँक असो, कारखाना असो वा कार्यालय, तेथील झाडूवाला आणि पहारेकरी कंत्राटदाराकडून आणण्यास कायद्याची आडकाठी नाही. शिवाय कंत्राटी कामगारांसंबंधीच्या तरतुदी पूर्वी केंद्रीय कायद्यात २० कामगारांना लागू होत, त्या आता ५० कामगारांना लागू होतात.

या यादीतील कामे पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या वाट्याला आली हे निराळे सांगावयास नको. जे काम केल्याशिवाय कोणतीही कचेरी दोन दिवस चालणार नाही, ते गाभ्याचे नाही असे म्हणणे आम्हांस पटत नाही. शास्त्रकारांनी हलके ठरवलेले काम कायदेकारांनी बाहेरचे ठरवले, एवढाच काय तो फरक.

तथापि निराश होण्याचे कारण नाही. मुंबई महानगरपालिकेच्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांनी संघटनेमार्फत वर्षानुवर्षे न्यायालयीन लढा दिला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात त्यांना कायम करण्याचा निर्णय टिकला. तो लढा जुन्या कायद्याखालचा होता हे खरे. परंतु नव्या कायद्यातही कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर आहे आणि कल्याणकारी सोयी पुरवण्याची जबाबदारीही मूळ मालकाचीच आहे. आपण कोणाच्या दारात काम करतो याचा पुरावा कामगाराजवळ हवा, एवढीच गोष्ट त्यासाठी आवश्यक आहे.

गुंतवणुकीचे कायदे

कामगार कायदे बदलण्यामागे गुंतवणुकीचा विचार आहे हे उघड आहे. २४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने बहुतेक उद्योगांवरील परवाना पद्धत रद्द केली आणि परकीय भांडवलाला दार उघडले. १९७३ चा कडक परकीय चलन नियमन कायदा जाऊन १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा आला व जून २००० पासून अमलात आला. भांडवलदार पैसा गुंतवताना दोन गोष्टी विचारतो : धंदा किती लवकर सुरू करता येईल आणि तोटा झाला तर किती लवकर बंद करता येईल. पहिल्या प्रश्नाचे उत्तर गुंतवणुकीच्या कायद्यात आहे, दुसऱ्याचे कामगार कायद्यात. म्हणून हे दोन्ही कायदे जोडीने बदलतात.

विमा व्यवसायाचे उदाहरण घेऊ. बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला आयुर्विमा सक्तीचा असावा असे सुचवले होते. १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे खाजगी कंपन्यांना परवानगी देताना परकीय भांडवलाची मर्यादा प्रथम २६ टक्के ठेवली गेली. २०१५ साली ती ४९, २०२१ साली ७४ आणि २०२५ च्या कायद्याने १०० टक्के झाली. एका पिढीच्या काळात हा व्यवसाय किती दूर आला हे या आकड्यांवरून दिसते.

बँकांत सार्वजनिक बँकांसाठी परकीय भांडवलाची मर्यादा २० टक्के आहे, खाजगी बँकांसाठी ७४ टक्के. परंतु विलीनीकरणामुळे २०१७ साली २७ असलेल्या सार्वजनिक बँका २०२० साली १२ झाल्या.

परकीय भांडवल म्हणजे केवळ संकट, असे आमचे म्हणणे नाही. त्यातून कारखाने निघतात, कार्यालये उघडतात, आपल्या मुलांना तेथे नोकऱ्याही मिळतात. प्रश्न वेगळाच आहे. घटनेच्या १६ व्या अनुच्छेदातील आरक्षण शासनाच्या सेवेत आहे, खाजगी कंपनीत नाही. नवी नोकरी जसजशी खाजगी भांडवलाकडून निर्माण होईल, तसतसे आरक्षण कागदावर कायम राहूनही त्याचे क्षेत्र आकसत जाईल. म्हणून खाजगी नोकरीतील कायदेशीर हक्क हीच त्या क्षेत्रातील आपली मुख्य ढाल आहे आणि ती वापरता आली पाहिजे.

ज्यांना व्यवसाय करावयाचा आहे त्यांच्यासाठीही कायद्यात जागा आहे. केंद्र सरकारची खाती व सार्वजनिक उपक्रम यांच्या वार्षिक खरेदीपैकी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करण्याचे धोरण आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या. वेळेवर उद्यम नोंदणी केली नाही तर या धोरणाचा लाभ मागता येत नाही.

आपण काय करावे

कर्जासाठी बँकेत येणारे दोन तरुण आम्ही नेहमी पाहतो. दोघांची कमाई सारखी असते. एकाजवळ नेमणूकपत्र, तीन महिन्यांची पगारपत्रके आणि पी.एफ.चा क्रमांक असतो. दुसऱ्याजवळ कंत्राटदाराचा फोन नंबर असतो. पहिल्याचा अर्ज पुढे सरकतो, दुसरा सावकाराकडे जातो. कायदा बदलला तरी कागद मागणारा माणूस बदलला नाही तर हे चित्र असेच राहील. यासाठी पुढील सूचना :

१) नोकरीला लागताच नेमणूकपत्र मागावे. तोंडी उत्तर मिळाल्यास लेखी अर्ज करून त्याची पोच ठेवावी.

२) दर महिन्याचे पगारपत्रक, हजेरी कार्ड आणि गेटपास जपून ठेवावा. वेतनविषयक दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, तोपर्यंत पुरावा टिकला पाहिजे.

३) पी.एफ.चा क्रमांक चालू करून घ्यावा व मालकाची रक्कम खरोखर जमा होते की नाही हे दर तीन महिन्यांनी पाहावे.

४) असंघटित क्षेत्रातील बंधु-भगिनींनी ई-श्रम नोंदणी करावी. आधार, बँक आणि नोकरी या तिन्ही ठिकाणी नावाचे स्पेलिंग एकच असावे.

५) प्रथमच नोकरीला लागणाऱ्या विद्यार्थ्यांनी पंतप्रधान विकसित भारत रोजगार योजनेची माहिती घ्यावी. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात प्रथमच पी.एफ.मध्ये नोंद होणाऱ्या, महिना एक लाखापर्यंत पगार असलेल्या कर्मचाऱ्याला दोन हप्त्यांत कमाल १५,००० रुपये मिळतात.

६) कामगार संघटनेचे सभासद व्हावे. ५१ टक्क्यांची अट दोन-चार शहाण्या माणसांनी पुरी होत नाही.

संस्थेनेही महिन्यातून एका रविवारी अभ्यासवर्ग घ्यावा. निवृत्त कर्मचारी आणि वकील बांधवांनी तेथे बसून मुलांची नेमणूकपत्रे वाचून द्यावीत. विद्यार्थ्यांनी आपल्या आईवडिलांची पगारपत्रके आणून त्यांतील प्रत्येक रकान्याचा अर्थ समजून घ्यावा. झाडूकाम करणाऱ्या आईचे पगारपत्रक तिच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने वाचले आणि त्यातली चूक काढली, तर कायद्याचा तो सर्वांत चांगला अभ्यास होय.

बाबासाहेबांनी मजूर खात्यात चार वर्षे बसून जे मिळवून दिले, ते त्यांनी आकडे, अहवाल आणि कलमे यांचा रात्रंदिवस अभ्यास करून मिळवले होते. त्यांच्या जयंतीला आपण मोठ्या संख्येने जमतो. त्याच संख्येने आपण कायद्याची पाने उलटू लागलो, तर नव्या संहितांतील जे आपल्या हिताचे आहे ते पदरात पडेल आणि जे अहिताचे आहे ते बदलण्यासाठी बोलण्याचे बळ येईल.